ईझेडएच२ रोखलं, तरी गप्प जनुकं बोलत का नाहीत?

सोलापुरात एम.एस्सी. जैवतंत्रज्ञान करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. उंदराच्या गर्भीय मूलपेशींना ईझेडएच२ (जनुकं गप्प ठेवणाऱ्या पॉलिकोंब गटातलं एक प्रथिन) रोखणारं औषध तीन दिवस दिलं. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं ओळखण्याची चाचणी) ईझेडएच२ जी खूण बसवतं त्या एच३के२७एमई३ ची पट्टी जवळजवळ नाहीशी झाली. पण पेशी मजेत वाढतायत आणि क्यूपीसीआरवर (आरएनए मोजण्याची चाचणी) गाटा४, पॅक्स६ ही गप्प जनुकं जेमतेम हललीत. मग हे प्रथिन जनुकं गप्प करतं असं पुस्तकात कशाच्या जोरावर लिहिलंय? प्रयोग चुकला की पुस्तक?

दोन्ही जागेवर आहेत. गोंधळ ‘गप्प करणं’ या शब्दप्रयोगात आहे. पॉलिकोंब गटातली प्रथिनं बोलत्या जनुकाचं तोंड क्वचितच दाबतात. जे आधीच गप्प आहे ते चुकून बोलू नये, यावर त्यांचा पहारा असतो. पहारा उठवला म्हणून लगेच कोणी बोलायला लागत नाही. बोलवणारा यावा लागतो. आणि तुमच्या पेशींत तो बोलवणाराच नाही.

सोलापूरकराला हे मागावर चटकन दिसेल. जकार्डच्या मागावर एकाच ताण्यातून वेगवेगळी नक्षी निघते. पुठ्ठ्यात जिथे भोक आहे तिथली सुई आत जाते आणि तिचा धागा उचलला जातो. भोक नाही तिथला धागा खाली राहतो. खालचा धागा तुटलेला नसतो, मागावर ताणलेलाच असतो. बंद जनुकाचंही तसंच. उपमा मात्र इथेच सोडून द्यायची, कारण मागाचा पुठ्ठा माणूस पाडतो आणि क्रोमॅटिनचा (डीएनए आणि त्याला गुंडाळणाऱ्या प्रथिनांचा) पुठ्ठा स्वतःला वाचून शेजारी स्वतःची नक्कल पाडतो.

आता ही नक्कल कशी पडते ते पाहू. डीएनएच्या १४७ बेसजोड्या हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या गोळ्याभोवती साधारण पावणेदोन वेढे घेतात. हा झाला एक न्यूक्लिओसोम. हिस्टोनांची शेपटं बाहेर लोंबत असतात आणि त्यांवर रासायनिक खुणा बसतात. तुमच्या ब्लॉटवरची खूण म्हणजे एच३ हिस्टोनच्या २७ व्या जागच्या लायसिन (के) या अमिनो आम्लावर बसलेले तीन मिथाइल गट. पुढे तिला नुसतं के२७ म्हणतो. ती बसवणारं संकुल पीआरसी२. त्याचा गाभा चार प्रथिनांचा: मिथाइल चिकटवणारं ईझेडएच२ (किंवा त्याचा भाऊ ईझेडएच१), ईईडी, एसयूझेड१२, आणि आरबीबीपी४ किंवा आरबीबीपी७. यातलं ईईडी फार कामाचं आहे. त्याच्यात अ‍ॅरोमॅटिक (वलय असलेल्या) अमिनो आम्लांचा एक छोटा पिंजरा आहे. आधीच बसलेली के२७ खूण त्यात अडकली की ईझेडएच२ चा वेग वाढतो. म्हणजे खूण वाचणारा आणि खूण लिहिणारा एकाच संकुलात. पेशी विभागताना जुने हिस्टोन दोन्ही डीएनए प्रतींवर वाटले जातात, आणि त्यांच्यावरची जुनी खूण वाचून शेजारच्या कोऱ्या हिस्टोनवर नवी लिहिली जाते.

पण पहिली खूण कुठे बसवायची, हा पत्ता कोण सांगतं? सस्तन प्राण्यांत हे काम बरंचसं सीपीजी बेटांवर होतं, म्हणजे जिथे सीपीजी जोड्या (डीएनएत सी अक्षरापुढे लगेच जी) दाट आहेत पण डीएनएवर मिथाइल नाही अशा पट्ट्यांवर. केडीएम२बी हे प्रथिन आपल्या सीएक्सएक्ससी भागाने मिथाइल नसलेलं सीपीजी धरतं आणि सोबत पीसीजीएफ१ असलेलं पीआरसी१, म्हणजे पॉलिकोंबचं दुसरं संकुल, घेऊन येतं. पीआरसी१ चा कामकरी घटक आरआयएनजी१बी. तो एच२ए हिस्टोनच्या ११९ व्या जागच्या लायसिनवर युबिक्विटिन नावाचं एक छोटं प्रथिन चिकटवतो. या खुणेला के११९ म्हणू. ही खूण जेएआरआयडी२ आणि एईबीपी२ वाचतात, आणि ते पीआरसी२ चे जोडीदार असल्यामुळे पीआरसी२ तिथे येतं. पीआरसी२ के२७ लिहितं. के२७ ला सीबीएक्स७ धरतं, जे दुसऱ्या प्रकारच्या पीआरसी१ मध्ये असतं, आणि हे पीआरसी१ न्यूक्लिओसोम दाबून गच्च करतं. पीएचसी प्रथिनांच्या साखळ्यांमुळे दूरदूरचे तुकडेही एकमेकांत गुंततात. होक्स जनुकांचे (शरीराचा आराखडा ठरवणाऱ्या जनुकांचे) समूह गुंडाळून ठेवलेले दिसतात ते यामुळे. पीआरसी२ ला येण्याची दुसरी वाटही आहे: एमटीएफ२ हा त्याचा आणखी एक जोडीदार सीपीजी बेटं थेट ओळखतो.

जुन्या पुस्तकांत हाच क्रम उलटा सापडेल: आधी पीआरसी२, मग पीआरसी१. २००२ मध्ये पीआरसी२ चं मिथाइल चिकटवण्याचं काम उघड झाल्यावर बरीच वर्षं तसंच शिकवलं गेलं. ते पूर्ण खोटं नाही, सीबीएक्स७ चा टप्पा अगदी तसाच आहे. पण मूलपेशींत वजन कोणत्या खुणेचं जास्त, याचा निवाडा आरआयएनजी१बी च्या निष्क्रिय आवृत्तीने केला. प्रथिन जागेवर ठेवून फक्त युबिक्विटिन चिकटवण्याची ताकद काढून घेतली, तर पॉलिकोंबची बरीच जनुकं सुटतात. हे निष्कर्ष २०२० मध्ये आले. त्या मानाने के२७ पुसल्याचा परिणाम सौम्य असतो.

तुमच्या निकालाचं पहिलं कारण इथेच आहे. औषधाने साखळीतला मधला दुवा कापला. के११९ लिहिणारी यंत्रणा जागेवर काम करते आहे. त्याच झिल्लीवर एच२ए के११९ ची अँटिबॉडी लावून पाहा, पट्टी बऱ्यापैकी टिकलेली दिसेल. के११९ गेलं आणि तरीही जनुकं हलली नाहीत, असं झालं असतं तर मात्र प्रयोगावर शंका घ्यावी लागली असती.

दुसरं कारण वर आलंच: बोलवणारा नाही. गाटा४ वाजायला, म्हणजे चालू व्हायला, त्याच्या वर्धकांवर (जनुकाला जोर देणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवर) बसणारे ट्रान्सक्रिप्शन घटक, म्हणजे जनुकाचा आरएनए बनवायला लावणारी प्रथिनं, लागतात. तुमचं माध्यम (पीडी०३२५९०१ १ मायक्रोमोलर आणि सीएचआयआर९९०२१ ३ मायक्रोमोलर हे दोन रोधक, शिवाय पेशींना मूलपेशीच ठेवणारं प्रथिन लिफ १००० एकक प्रति मिली, म्हणजे नेहमीचं २आय-लिफ) हेच मुळी असे इशारे बंद ठेवण्यासाठी बनवलंय. मजा अशी की सीरम-लिफमधून (रोधकांऐवजी सीरम असलेल्या माध्यमातून) २आयमध्ये आणलेल्या पेशींत विकासाच्या जनुकांच्या प्रवर्तकांवरचं (जनुकाचं वाचन जिथून सुरू होतं त्या भागांवरचं) के२७ आपसूकच कमी होतं, कुठलंही औषध न देता, आणि तरी ती जनुकं सीरममधल्यापेक्षा जास्तच शांत असतात. के२७ आणि शांतता यांचा सरळ गुणोत्तराचा हिशेब नाही, याचा याहून स्वस्त पुरावा मिळणार नाही.

कार्यकारणाची दिशा उलट्या बाजूनेही तपासली गेली आहे. पेशींतलं ट्रान्सक्रिप्शन रसायनाने थांबवलं की आधी चालू असलेल्या जनुकांच्या सीपीजी बेटांवर पीआरसी२ येऊन बसतं. म्हणजे शांतता आधी, पहारेकरी मागाहून. चालू जनुक पीआरसी२ ला हाकलतं कसं, तेही बरंचसं माहीत आहे. त्याच शेपटावर के४ किंवा के३६ वर (चौथ्या किंवा छत्तिसाव्या जागच्या लायसिनवर; या चालू जनुकांच्या खुणा) मिथाइल असेल तर ईझेडएच२ चा वेग मंदावतो, आणि नुकता तयार होणारा आरएनए पीआरसी२ ला चिकटून त्याला क्रोमॅटिनवरून सोडवतो.

मग द्विमुखी जनुकांचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच. मूलपेशींत विकासाच्या अनेक प्रवर्तकांवर के२७ आणि के४, म्हणजे बंदची आणि चालूची खूण, एकत्र सापडतात, हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. के४ आणि के२७ एकाच शेपटावर नको असतील तर दोन्ही एकत्र कशा? न्यूक्लिओसोमात एच३ च्या दोन प्रती असतात; एका शेपटावर के४, दुसऱ्यावर के२७ अशी वाटणी असू शकते, आणि तसे न्यूक्लिओसोम सापडलेही आहेत. मात्र तुमच्या साध्या चिपमध्ये (खुणेचं क्रोमॅटिन अँटिबॉडीने पकडून त्यातला डीएनए ओळखण्याच्या पद्धतीत) दोन्ही शिखरं एकाच जागी दिसली म्हणून लगेच ‘द्विमुखी’ लिहू नका. सीरममधल्या वसाहतींच्या कडेच्या पेशी अर्धवट बदललेल्या असतात. निम्म्या पेशींत के४ आणि निम्म्यांत के२७ असलं तरी सरासरीत तेच चित्र दिसतं. खात्री करायची तर एका अँटिबॉडीने पकडलेलं क्रोमॅटिन सोडवून दुसऱ्या अँटिबॉडीने पुन्हा पकडावं लागतं, आणि त्यासाठी साध्या चिपच्या निदान पाचपट पेशी हाताशी ठेवा.

तिसरं कारण: सगळी गप्प जनुकं पॉलिकोंबच्या ताब्यात नाहीत. जीनोममध्ये घुसून बसलेले जुने रेट्रोव्हायरस वेगळ्या फौजेकडे आहेत. केआरएबी झिंक फिंगर प्रथिनं त्यांचा डीएनए ओळखतात, ट्रिम२८ ला बोलावतात, आणि ट्रिम२८ एसईटीडीबी१ ला. ते एच३ च्या नवव्या जागच्या लायसिनवर तीन मिथाइल बसवतं. मूलपेशींत एसईटीडीबी१ काढलं तर आयएपी सारखे रेट्रोव्हायरस जोरात सुटतात. डीएनएवर मिथाइल बसवणारी तिन्ही एन्झाइमं, डीएनएमटी१, ३ए आणि ३बी, काढूनही उंदराच्या मूलपेशी जगतात; अडचण त्यांना वेगळी पेशी व्हायला सांगितल्यावर येते. ऑक्ट४ हे मूलपेशीपण राखणारं जनुक पेशी बदलताना कायमचं कुलूपबंद होतं तेव्हा जी९ए (हिस्टोनवर मिथाइल बसवणारं आणखी एक एन्झाइम) आणि डीएनएमटी३ए-३बी कामाला लागतात, आणि ते कुलूप पॉलिकोंबच्या कडीपेक्षा पक्कं असतं. एचडीएसी (हिस्टोनवरचे अ‍ॅसिटाइल गट काढणारी एन्झाइमं) घेऊन फिरणारी एनयूआरडी वगैरे संकुलंही आहेतच. या प्रश्नात त्यांना बाजूला ठेवलं तरी चालेल.

म्हणून के२७ चा परिणाम बघायचा असेल तर पेशींना हलवा. लिफ आणि दोन्ही रोधक काढा, २० मायक्रोलिटरच्या लटकत्या थेंबात ५०० ते १००० पेशी ठेवून गोळे करा, आणि दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या दिवशी आरएनए काढा. पीआरसी२ नसलेल्या पेशी इथे उघड्या पडतात. ऑक्ट४, नॅनॉग ही मूलपेशींची जनुकं वेळेवर विझत नाहीत आणि वेगवेगळ्या वंशांची जनुकं गोंधळून एकत्र वाजतात. मानवी मूलपेशींवरून मात्र उंदराचं अनुमान करू नका. त्या विकासाच्या पुढच्या टप्प्यावरच्या असतात आणि पीआरसी२ गेलं की जागच्या जागी बिघडू लागतात. त्यांच्यावर काम करायचंच असेल तर २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संस्थेच्या स्टेम सेल संशोधन समितीची मंजुरी आधी. माध्यमाची ऑर्डर नंतर.

आता तुमच्याच प्रयोगातल्या बारीक गोष्टी, कारण कारणं बरोबर असूनही आकडे चुकू शकतात.

औषध. नुसत्या ईझेडएच२ वर नेम धरणारी औषधं ईझेडएच१ ला पुरती रोखत नाहीत, आणि मूलपेशींत ईझेडएच१ काही जागा सांभाळून घेतं. ईईडी२२६ ईईडीच्या पिंजऱ्यातच बसतं, त्यामुळे दोघेही अडकतात. ५ मायक्रोमोलरपासून सुरुवात करा, डीएमएसओ (औषध विरघळवणारा द्रावक) ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका आणि तेवढंच डीएमएसओ कंट्रोललाही द्या. के२७ प्रामुख्याने पेशी विभागताना पातळ होत जातं. विभाजन १२ तासांत धरलं तर २४ तासांनी एक चतुर्थांश, ४८ तासांनी सोळावा भाग, ७२ तासांनी चौसष्टावा भाग उरतो, तेही नवं लिखाण पूर्ण थांबलं तर. पेशी दाट झाल्या, वाढ मंदावली, की हा हिशेब कोलमडतो आणि ‘औषध चाललं नाही’ असं वाटतं. दर ४८ तासांनी पेशी पातळ करा, माध्यम आणि औषध रोज बदला.

ब्लॉट. एच३ साधारण १५ ते १७ किलोडाल्टनवर धावतं. ०.४५ मायक्रॉनच्या झिल्लीतून ते आरपार निघून जातं, ०.२ मायक्रॉनची पीव्हीडीएफ घ्या. हिस्टोन आम्लात काढा, एकूण एच३ ची पट्टी शेजारी दाखवा, अ‍ॅक्टिनची नव्हे.

अँटिबॉडी. के९ आणि के२७ या दोन्ही लायसिनांच्या आजूबाजूचा क्रम एकच आहे: अलानिन, आर्जिनिन, लायसिन, सेरिन. हलकी अँटिबॉडी दोघांनाही चिकटते. नवा लॉट आला की के४, के९, के२७ च्या पेप्टाइडांवर ठिपका-ब्लॉट करा. सगळ्यात खरी कसोटी म्हणजे ईईडी नसलेल्या पेशी. तिथे पट्टी दिसली तर बाटली फेकून द्या.

क्यूपीसीआर. गाटा४ चं सीटी (सिग्नल दिसायला लागलेली चक्रं; जितकी कमी तितका आरएनए जास्त) ३३ वरून ३० वर आलं तर ‘आठपट वाढ’ म्हणून आलेख फार देखणा दिसतो. त्याच नमुन्यात अ‍ॅक्टिनचं सीटी १७ असेल तर फरक १३ चक्रांचा, म्हणजे दोन्ही प्राइमर सारखेच चालतात असं धरून गाटा४ चा आरएनए अजूनही सुमारे आठ हजारपट कमी. गळती आणि चालू होणं यांना एकाच आलेखात बसवू नका.

पोषक पेशी. उंदराच्या गर्भीय फायब्रोब्लास्टवर पेशी वाढवत असाल तर जिलेटिनच्या डिशवर ३० ते ४५ मिनिटं बसू द्या, फायब्रोब्लास्ट आधी चिकटतात. मूलपेशी असलेलं वरचं द्रावण अलगद काढून घ्या. फायब्रोब्लास्टांत होक्स जनुकं चालू असतात. दहा टक्के मिसळले तरी होक्सचा ‘परिणाम’ दिसेल. मायकोप्लाझ्माचा पीसीआर महिन्यातून एकदा, आणि जुन्या पेशींत आठव्या गुणसूत्राची जादा प्रत आहे का ते पाहा. उंदराच्या मूलपेशींचा तो नेहमीचा आजार आहे.

चिप. पद्धतीत लिहिलेलं असतं: १ टक्का फॉर्मल्डिहाइड, खोलीच्या तापमानाला १० मिनिटं, मग १२५ मिलिमोलर ग्लायसिन ५ मिनिटं. लिहिणाऱ्याची खोली २२ अंशांची असते. सोलापुरात मे महिन्यात एसी बंद असेल तर तीच खोली ३८ ते ४० अंशांवर जाते आणि फॉर्मल्डिहाइडने घातलेल्या डीएनए-प्रथिनांच्या जोडण्या अति घट्ट बसतात. मग सोनिकेशनने (ध्वनिलहरींनी क्रोमॅटिन तोडताना) तुकडे पडत नाहीत आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो. पाण्याच्या बाथमध्ये २२ ते २५ अंश पक्के करा, मिथेनॉल नसलेलं फॉर्मल्डिहाइड ताजी कुपी फोडून वापरा. तुकडे २०० ते ५०० बेसजोड्यांचे हवेत. थोडा नमुना ६५ अंशांवर रात्रभर ठेवून जोडण्या सोडवा आणि १.५ टक्के अगारोजवर बघा, त्याशिवाय पुढे जाऊ नका. सोनिकेशनचा बर्फ उन्हाळ्यात दोन-तीन फेऱ्यांत पाणी होतो, तो बदलत राहा. एसडीएस (पेशी फोडणारं डिटर्जंट) १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आणल्याशिवाय अँटिबॉडी घालू नका.

त्याच उन्हाळ्याचा दुसरा फटका इनक्युबेटरला बसतो. कार्बन डायऑक्साइडच्या बहुतेक इनक्युबेटरना फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. बाहेरचं तापमान आतल्या ३७ पेक्षा पाचेक अंश कमी असेल तरच ते स्थिर राहतात. दुपारी वीज गेली आणि खोली तापली तर आत ३९ अंशही होतात. तापलेल्या पेशींत उष्णतेच्या ताणाची जनुकं उठतात, वसाहतींच्या कडा सैल होतात आणि ते सगळं औषधाच्या नावावर जमा होतं. आत साधा कमाल-किमान तापमापक ठेवा आणि रोज सकाळी वहीत आकडा लिहा.

के२७ सगळीकडून एकदम गेलं की आणखी एक फसगत होते. सीक्वेन्सिंगमध्ये प्रत्येक नमुन्याचे वाचलेले तुकडे सारख्या संख्येवर आणले जातात, त्यामुळे उरलेली धूळसुद्धा शिखरासारखी उभी राहते. म्हणून अँटिबॉडीने पकडण्याआधी प्रत्येक नमुन्यात फळमाशीच्या पेशींचं क्रोमॅटिन ठरलेल्या प्रमाणात मिसळायचं आणि त्यावर मोजमाप बेतायचं. चिप-क्यूपीसीआरच करणार असाल तर टक्के इनपुटचा हिशेब नीट करा: १ टक्का इनपुट (पकडण्याआधी बाजूला काढलेलं क्रोमॅटिन) ठेवलं असेल तर त्याच्या सीटीमधून ६.६४ वजा करा, मग चिपचं सीटी वजा करून २ चा घात घ्या आणि १०० ने गुणा. प्राइमर गाटा४, पॅक्स६ आणि एखाद्या होक्सच्या प्रवर्तकावर. नकारात्मक कंट्रोल अ‍ॅक्टिनवर. आणि आयएपी च्या टोकावर एक, कारण तिथे के२७ नव्हे तर के९ हवं. पेशी कमी असतील तर कट अँड रन (थोड्या पेशींत चालणारी चिपसारखी पद्धत) वापरा, पण जोडणी-सोनिकेशन पक्कं जमल्याशिवाय घाई नको.

सीक्वेन्सिंगसाठी पेशी पुण्यापर्यंत न्यायची गरज नाही. डीएनए शुद्ध करेपर्यंतचं काम सोलापुरातच करा. जोडलेल्या पेशींचे गोळे उणे ८० वर टिकतात, पण अडीचशे किलोमीटर उन्हाळ्यात कोरडा बर्फ पुरवण्यापेक्षा शुद्ध केलेला डीएनए बर्फाच्या पिशवीत पाठवणं सोपं.

शेवटी एक प्रयोग सुचवतो, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्यातून हाताला लागेल. औषध सात दिवस द्या, मग धुऊन काढा आणि पुढचे सात दिवस के२७ मोजा. एक डिश २आय-लिफमध्येच राहू द्या. दुसरीतल्या पेशी औषध चालू असतानाच लिफ काढून बदलू द्या आणि मग औषध धुवा. पीआरसी२ काढून परत दिलेल्या मूलपेशींत के२७ बऱ्याच अंशी जुन्याच जागी परत बसतं असं आढळलेलं आहे, म्हणजे पत्ता खुणेत साठवलेला नसून सीपीजी बेटात आणि त्या जागेच्या शांततेत आहे. पहिल्या डिशमध्ये तेच अपेक्षित. दुसऱ्या डिशमध्ये जी जनुकं मधल्या काळात चालू झाली त्यांच्यावर खूण परत येते का, हे प्रत्येक जनुकाचा आरएनए आणि चिप शेजारी ठेवून वाचा. धुतल्यानंतर दर २४ तासांनी नमुना घ्या आणि प्रत्येक वेळी थोड्या पेशी ऑक्ट४ च्या रंगासाठी बाजूला काढा, म्हणजे दुसऱ्या डिशमध्ये न बदललेल्या पेशी किती उरल्या होत्या ते नंतर वजा करता येईल.